कोरड्या नदीची ओटी

आमची मुलगी नऊ आठवडे आधी जन्मली आणि पहिले सात आठवडे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिली. त्या दिवसांत माझ्या आईनं मला न विचारता नवस बोलला. पोर धडधाकट घरी आली, तर ती ज्या गावात जन्मली त्या गावच्या नदीची खणानारळानं ओटी भरीन. आई बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली, निवृत्त शिक्षिका, एरवी देवधर्माचं फार अवडंबर न माजवणारी. तिनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या परतीच्या विमानाला नऊ दिवस उरले होते.

माझा नवसावर विश्वास नाही. पण राहूनच गेला तर, ही शंका माझ्या डोक्यात शिरली ती शिरलीच. मुलगी साधी शिंकली तरी मला तो नवस आठवायचा आणि मग स्वतःचाच राग यायचा.

पंचाईत नदीची होती. आम्ही राहतो टूसॉनला, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. आधी जर्सी सिटीत होतो, तिथे असतो तर बाल्कनीतून दिसणारी भलीमोठी नदी दाखवून मोकळे झालो असतो. इथेही नदी आहे. नकाशावर ती निळी आहे, पुलावर तिच्या नावाची पाटी आहे आणि पुलाखाली वाळू आहे. घर बघायला आलो तेव्हा मी एजंट बाईंना विचारलं होतं की हिला पाणी कधी येतं. जोरदार पाऊस झाला तर येतं, म्हणाल्या, एखाद-दोन दिवस. मला वाटलं, त्या गंमत करताहेत.

आईनं सरळ विचारलं की मग तुम्ही पाणी कुठल्या नदीचं पिता. कोलोरॅडोचं, मी म्हटलं. शेकडो मैलांवरून कालव्यानं येतं, वाटेत पंपांनी डोंगर चढवतात. मग तीच तुमची नदी, आई म्हणाली. मी म्हटलं, ती नुसती गाठायलाच अर्धा दिवस ड्राइव्ह करावं लागेल आणि एवढ्याशा बाळाला घेऊन मी तिकडे जाणार नाही. कालव्याला कुंपण आहे. शिवाय कालव्याची ओटी भरलेली आईनं कधी ऐकली नव्हती.

मुलीला पाजताना एका हातात फोन धरून मी या नदीबद्दल वाचायला लागले. हजारो वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी हिच्या काठी कालवे खणून मका पिकवला होता. हिला काही ठिकाणी बारमाही पाणी होतं, काठाला झाडी होती. मग रेल्वे आली, तांब्याच्या खाणी आल्या, कापूस आला, शहर वाढलं. जो तो विहिरी खणत गेला आणि पंप लावत गेला. जमिनीतलं पाणी खाली गेलं, त्यामागून नदी गेली. आता कोलोरॅडोचं पाणी आणून मोठमोठ्या खड्ड्यांत सोडतात, ते जमिनीत मुरवतात आणि पुन्हा उपसून नळाला देतात. म्हणजे आमच्या नळाला येतं ते पाणी नदीचं म्हणायचं की विहिरीचं? आणि नदीचं, तर कुठल्या? वाचावं तितकी माझी मती गुंग होत गेली.

शनिवारी आईला पुलावर नेलं, वाटेत हे सगळं तिला सांगितलं. तिनं कठड्याला टेकून खाली पाहिलं. वाळूत घोड्याच्या टापा उमटल्या होत्या आणि नदीच्या मधोमध एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते. आईनं ओटीची पिशवी मिटून घेतली. मग म्हणाली, हिच्याकडचं होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलं आणि आता हिला मूठभर तांदूळ घालू? मला लाज वाटते. आम्ही ओटीचं सामान तसंच घरी आणलं. माझा जीव मात्र टांगणीला लागला.

सोमवारी नवरा ऑफिसातून बातमी घेऊन आला. याच नदीला डाउनटाउनजवळ एका टप्प्यात पाणी वाहतं, कारण तिथे ते सोडतात. मला इतका आनंद झाला की ते कसलं पाणी, हे मी उशिरा विचारलं. गावाचं सांडपाणी, तो म्हणाला. शुद्ध केलेलं.

"आईंना सांगू नको यार," तो पुढे म्हणाला. "पाणी ते पाणी."

सांगितलं, तर आई नाक मुरडेल आणि नवस तसाच ठेवून विमानात बसेल. नाही सांगितलं, तर मुलीच्या जिवासाठी बोललेल्या नवसात मीच फसवणूक केल्यासारखं होईल. ज्यावर विश्वासच नाही त्यात फसवणूक कसली, असंही वाटे. काय करावं ते मला कळेना. आईला जायला दोनच दिवस होते.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघी गेलो. पाणी खरंच वाहत होतं, घोट्याएवढं, स्वच्छ. काठाला गवत वाढलं होतं आणि त्यावर चतुर उडत होते. आईचा चेहरा असा खुलला की मला आणखीच अपराधी वाटलं. उतारावर एक जांभळी पाटी होती, हे शुद्ध केलेलं सांडपाणी आहे, पिऊ नका, असं सांगणारी. मी बाळाची गाडी नेमकी तिच्यापुढे आणून उभी केली. आईनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला, हळदीकुंकवाची डबी उघडली. ती वाकणार एवढ्यात मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

"पाटी वाचली मी," आई म्हणाली. "आपल्याकडच्या नद्यांत काय जातं, ते तुला माहीत नाही? तिथे तर कुणी शुद्धही करत नाही."

मग तिनं विचारलं, "दवाखान्याचं पाणीही इथेच येत असेल का गं?"

गावातलं सगळं एकत्रच जातं, म्हणजे येत असणार, मी म्हटलं. हे ती का विचारते आहे, तेच मला समजेना.

"पोरीला हात लावायच्या आधी आपण कोपरापर्यंत हात धुवायचो. तू, मी, जावई, त्या नर्स. रोज दहादा." आईनं बांगड्या मागे सारल्या. "एक दिवस तिचा श्वास थांबला आणि त्यांनी आपल्याला बाहेर काढलं, आठवतं? तू खुर्चीवर बसून होतीस. मी परत बेसिनपाशी गेले आणि हातच धूत राहिले. तिथेच बोलले मी नवस. नळ चालू होता."

आईनं पाण्यात हळदीकुंकू सोडलं. मी मुलीला गाडीतून उचलून घेतलं आणि आईच्या शेजारी ओल्या वाळूत बसले.