गोठ्यातला शेवटचा भाग

विरार पूर्वेला फुलपाड्यात आमचे घर होते आणि पश्चिमेला आगाशीच्या बाजारात रद्दीचे दुकान. मंगळवारी माझी सुट्टी असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर त्या सुट्टीची सकाळ बहुतेक वेळा आगाशीच्या एसटीत आणि मग त्या दुकानात जाई.

मी जुनी मराठी कॉमिक्स जमवत होतो. मोठ्या प्रकाशकांची, सर्वांना आठवणारी कॉमिक्स नव्हेत. ती कुठेही मिळत आणि त्यांच्याविषयी कुठेही बोलता येई. माझा शोध वेगळ्या पुस्तिकांचा होता. एरवी लग्नपत्रिका आणि पंचांगे छापणाऱ्या लहान छापखान्यांनी सत्तरच्या दशकात त्या काढल्या आणि एसटी स्टँडवर विकल्या. कागद वर्तमानपत्राचा, छपाई दोन रंगांत, निळ्या आणि लाल. ठसे बहुधा जुळलेले नसत, त्यामुळे बाईच्या ओठांचा रंग गालावर येई आणि पोलिसाची लाल पगडी डोक्याशेजारी तरंगे. मलपृष्ठावर केसांच्या तेलाची किंवा कंदिलाची जाहिरात. छापखाना बंद पडला की गोष्ट आहे तिथेच थांबे.

या संग्रहाचा आनंद सांगून पटवणे कठीण आहे. रद्दीच्या ढिगात हात घातल्यावर त्या कागदाचा खरखरीतपणा बोटांना आधी कळे, डोळ्यांना नंतर. घरी आणून गंजलेल्या पिना काढायच्या, त्या जागी दोरा ओवायचा, फाटलेल्या कडेला मैद्याच्या खळीने पातळ कागद लावायचा. खळच वापरायची, कारण ती चुकली तर ओली असेपर्यंत पाण्याने सुटते. पुढचा प्रसंग घडला तेव्हा ही गोष्ट मला माहीत होती, हे इथेच नोंदवून ठेवतो.

त्या दुकानात मला सर भेटले. आगाशीजवळच्या एका ख्रिस्ती गावात त्यांची वाडी होती, केळी आणि पानवेलीची. मराठी आणि चित्रकला शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. दोघांनी एकाच गठ्ठ्याला हात घातला आणि त्यांनी मला विचारले की मी दुकान काढणार आहे की काय. नाही म्हटल्यावर त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि वाचून झाल्यावर घरी आणून दाखवायला सांगितले. तेव्हापासून दुकानातून मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. सरांच्या पत्नीला मी मावशी म्हणत असे; त्या सरांना मास्तर म्हणत. घरात त्या गावची बोली बोलत, ती मला निम्मीच कळे. माझ्याशी मात्र शाळेतली मराठी. पहिल्याच महिन्यात त्यांनी चहा पुढे ठेवत म्हटले, "एक रद्दी घरात होतीच, आता दुसरी चहा प्यायला यायला लागली."

आमच्या दोघांच्या संग्रहात एक गोष्ट सामाईक होती. दीपगृहावरच्या एका रखवालदाराची, सहा भागांत. पाच भाग आम्ही मिळून जमवले, सहावा कुठेही नव्हता. पाचव्याच्या शेवटी वादळात दिवा विझतो, जहाज किनाऱ्याकडे येत असते आणि रखवालदार वर चढून येतो. शेवटच्या चित्रात त्याच्या हातात काडेपेटीतली शेवटची काडी आहे. खाली छापले आहे : सहावा भाग लवकरच.

या चित्रावरून आमचा वाद होता. माझे म्हणणे, दिवा लागतो. अशा गोष्टींत तो लागतोच. सर म्हणत की मी चित्र बघत नाही. दिवा विझलेला, काडी अजून ओढलेली नाही, तरी रखवालदाराची सावली मागच्या भिंतीवर ठळक पडली आहे. मग उजेड कुठून आला? त्यांच्या मते तो जहाजाचा होता. जहाज इतके जवळ आले होते की आता दिवा लावून उपयोग नव्हता. मी म्हणालो, चित्रकाराने सवयीने काढली असेल सावली. त्यावर त्यांनी पाचही भाग माझ्यापुढे उघडून ठेवले आणि या माणसाने उगाच काढलेली एक तरी सावली दाखव म्हणून सांगितले. मला दाखवता आली नाही.

काही वर्षांनी, डिसेंबरच्या एका रविवारी, सरांचा एक जुना विद्यार्थी कुटुंबासह राजोडीच्या किनाऱ्यावर निघाला होता. गिरगावातल्या एका बंद छापखान्याचे गोदाम रिकामे करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. जाता जाता त्याने सरांच्या फाटकाशी गाडी थांबवली, सुतळीने बांधलेला गठ्ठा हातात दिला आणि सांगितले की दीपगृहाचा शेवटचा भाग यात आहे, त्याने स्वतः पाहिला आहे.

सरांनी गठ्ठा उघडला नाही. शेजाऱ्यांकडून माझ्या कार्यालयात फोन करून त्यांनी बातमी दिली आणि म्हणाले, मंगळवारी ये, मिळून उघडू. घरात तेव्हा जुना कोबा काढून लाद्या बसवण्याचे काम चालू होते, सगळीकडे सिमेंटची धूळ. गठ्ठा धुळीत नको म्हणून त्यांनी तो मावशींच्या हाती दिला आणि "हा गोठ्यात टाक" असे सांगून ते गवंड्याकडे गेले.

त्या घरामागे गुरांचा गोठा होता. गुरे केव्हाच गेली होती, पण नाव राहिले होते. शिड्या, बियाणे आणि सरांच्या कॉमिक्सची पेटी तिथे असे. डिसेंबरमध्ये मात्र त्या गावात गोठा म्हटले की दुसराच अर्थ निघतो. नाताळला घरोघर येशूजन्माचा देखावा मांडतात, त्यालाही गोठाच म्हणतात. काठ्यांवर गोणपाट ताणतात, त्यावर खळीत बुडवलेले रद्दी कागद थरांनी चिकटवतात, वाळल्यावर गेरू फासतात, की डोंगर तयार होतो. डोंगराच्या पायथ्याशी गव्हाण, आणि आधी परातीत पेरलेली नाचणी गवत म्हणून. पूर्वी दर वर्षी या कामासाठी आगाशीच्या बाजारातून रद्दी आणून देत ते सरच.

धाकटा मुलगा कुवेतला गेल्यापासून मावशींनी गोठा केला नव्हता. त्या नाताळला तो बायको-मुलाला घेऊन येणार होता. मंगळवारी मी पोचलो तेव्हा पडवीत डोंगर उभा होता, कमरेइतका उंच. मावशींचे हात कोपरापर्यंत खळीने पांढरे झाले होते. मी डोंगराचे कौतुक केले आणि सरांबरोबर मागच्या गोठ्यात गेलो.

पेटी उघडली, बियाण्याची पोती हलवली, माळा पाहिला. गठ्ठा नव्हता. सरांनी पडवीत येऊन विचारले.

"गोठ्यात टाक म्हणालात ना," मावशी म्हणाल्या, "टाकला." आणि त्यांनी हनुवटीने डोंगराकडे दाखवले.

सर डोंगराकडे बघत राहिले. खालच्या बाजूला कागद अजून ओलसर होता, हे मलाही दिसत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. पाण्याची बादली तिथेच होती.

"डोंगर छान झालाय," सर म्हणाले. "नाताळपर्यंत वाळेल ना?"

मावशी म्हणाल्या, ऊन असंच राहिलं तर वाळेल. फाटकाशी आल्यावर सरांनी मला बजावले की हे तिला कधीही कळता कामा नये. इतक्या वर्षांनी तिने गोठा करायला घेतला आहे, ते म्हणाले, आणि शब्द माझाच चुकला.

मुलगा आला, नातवाने डोंगरावर मेंढ्या लावल्या. पुढे तो डोंगर मोडला नाही. नाताळ संपला की प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या गोठ्यात, डिसेंबरात पुन्हा पडवीत. गेरू उडे, तिथे मावशी नवा फासत. मुलगा रंग घेऊन आला तेव्हा त्यावर ऑइलपेंटचा हातही बसला.

सहावा भाग मी इतरत्र शोधत राहिलो. गिरगावातले गोदाम पाडून तिथे इमारत उभी राहिली. नंतर इंटरनेटवर असल्या संग्राहकांचे गट निघाले, तिथेही विचारले. पाच भागांविषयी सांगणारा एखादा भेटे, सहाव्याविषयी कोणी नाही. सरांना काचबिंदू झाला. चित्रे दिसेनाशी झाली, तरी मी काही नवे आणले की ते कागद बोटांनी चाचपत आणि मी चित्रांचे वर्णन करी.

एका नाताळला डोंगराच्या मागच्या बाजूचा पोपडा निघालेला मला दिसला. आत निळा-लाल कागद होता. मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी सरांच्या कानाशी सांगितले.

"काय दिसतंय?"

मी म्हणालो, भिंतीचा तुकडा आणि अर्धी सावली. माणूस नाही.

"कुठल्या बाजूला पडलीये?"

डावीकडे, मी म्हणालो. ते मान हलवत राहिले, पण त्यातून काय निघते हे त्यांनी सांगितले नाही. मी दुसऱ्या कडेला नख लावायला गेलो तेव्हा मावशी डबा आणि ब्रश घेऊन आल्या. तिथला रंग उडालाय, बाजूला व्हा, म्हणाल्या. एका फटकाऱ्यात सावली गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात सर वारले. पुढच्या डिसेंबरात मी मावशींना भेटायला गेलो. पडवीत डोंगर होता, पण गव्हाण मांडलेली नव्हती.

"हा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तुमचं पुस्तक आहे ना यात."

मग त्यांनीच सांगितले. त्या मंगळवारी आमचे चेहरे बघूनच त्यांना कळले होते. मास्तर आता ओरडतील म्हणून त्या दिवसभर वाट बघत राहिल्या. मग आठवडाभर. ते एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे त्यांनाही माफी मागता आली नाही. आतला कागद तरी जपावा म्हणून त्यांनी डोंगर मोडू दिला नाही, उडालेल्या जागी रंग देत राहिल्या.

मी डोंगराला हात लावून पाहिले. ऑइलपेंट, गेरू, इतक्या वर्षांची खळ. लाकडासारखे झाले होते. आता यातून काही निघणार नाही, असे मी सांगितले.

त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, गोष्ट काय होती ते तरी सांगा. पाच भागांची गोष्ट मी सांगितली. वादळ, विझलेला दिवा, शेवटची काडी. मग थांबलो.

"मास्तर काय म्हणायचे, लागतो दिवा?"

नाही, मी म्हणालो. ते म्हणायचे, जहाज फार जवळ आलेलं असतं.

मावशी डोंगराकडे बघत होत्या.

"एकदा विचारायचं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी लगेच सोडवून दिला असता. ओलाच होता."