ताट माझ्या हातून पडलं

माझा हात फार लवकर उठतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी साधीभोळी समजायला नको. धाकट्या भावाला मी लहानपणी लाटण्याने मारलंय, पट्टीने मारलंय, एकदा तर पायातली चप्पल काढून मारलंय. बारा वर्षांचा असताना त्याने नैवेद्याचा पेढा देवाच्या आधी तोंडात टाकला आणि वर म्हणाला, "ताई, तो खात नाही गं. मी तीन दिवस बघतोय." दिली एक ठेवून. बाबा ऑफिसातून आल्यावर त्यांनी कमरेचा पट्टा काढला. आमच्या घरात देव असाच शिकवला, पाठीवर वळ उठेपर्यंत. माझ्या डोक्यात तो बसला, त्याच्या नाही बसला.

पुढे तो विज्ञानाचा मास्तर झाला आणि मिसरोदला दोन खोल्या घेऊन एकटा राहू लागला. मी त्याच शहरात, बाग सेवनियाच्या एका कॉलनीत. दर रविवारी जेवायला यायचा. माझी पूजा चालू असली की बाहेर पायरीवर पेपर वाचत बसायचा. आतली घंटी थांबली की चप्पल काढून आत. कधी आरतीत लुडबुड केली नाही, कधी देव्हाऱ्याकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं नाही. मोदक मात्र अकरा हाणायचा.

"मेल्या, देव नाही म्हणतोस, मग मोदक कशाला गिळतोस?"

"देव नसला तरी गूळखोबरं आहे ना, ताई."

"नरकात जाशील."

"चालेल. तू नसशील तिथे. जरा शांतता."

असं आमचं चालायचं. वर्षानुवर्षं. कुणाचं काही बिघडलं नाही त्याने.

आमच्या कॉलनीत गणपती बसतो. मराठी घरं आम्ही चार-पाचच, बाकी सगळी हिंदीवाली, पण बाप्पा सगळ्यांचा. रोज संध्याकाळची आरती एका घराची. मांडवाच्या खांबाला यादी चिकटवलेली असते आणि ज्या घराची पाळी, त्या घरच्या पुरुषाने ताट धरायचं, अशी रीत पडलीय. त्या वर्षी माझे यजमान बदलीवर जबलपूरला होते, रजा मिळाली नाही. मी अध्यक्षांना म्हटलं, मी धरते ताट. अध्यक्ष म्हणजे मागच्या गल्लीतले रिटायर गृहस्थ, बोलायला अगदी साखर. म्हणाले, "भाभीजी, घर का कोई मर्द हो तो अच्छा लगता है."

तेव्हा माझं डोकं फिरायला हवं होतं. एरवी भाजीवाल्याने दोन मिरच्या कमी घातल्या तरी फिरतं. त्या दिवशी नाही फिरलं. आमच्या घराची पाळी रिकामी गेली तर नाक कापलं जाईल, एवढंच सुचलं. मी पेन घेतलं आणि चौथ्या दिवसापुढे भावाचं नाव लिहून मोकळी झाले. त्याला विचारलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी पुरणपोळीचं आमिष दाखवून त्याला बोलावलं आणि जिना उतरताना सांगितलं. तो पायरीवरच थांबला.

"ताई, हे काय केलंस? मी उभा राहीन. तुझ्यासाठी टाळ्यापण वाजवीन. ताट नाही धरणार. मनात नसताना ओवाळायचं म्हणजे नाटक होतं गं. तुझ्या देवाशीच खोटं बोलल्यासारखं."

"पाच मिनिटांचं काम आहे. मुकाट्याने चल. तमाशा केलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मांडवात गर्दी होती, दोन ढोल वाजत होते. अध्यक्षांनी माइकवरून त्याला पुढे बोलावलं. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "माफ कीजिए, मैं मानता नहीं. दीदी कर लेंगी, उनकी श्रद्धा सच्ची है." किती सभ्यपणे बोलला! पण माइक चालू होता. चारी भोंग्यांतून ते 'मानता नहीं' कॉलनीभर गेलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "नहीं मानता मतलब?"

लाजेने माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी चौरंगावरचं ताट उचललं, निरांजन पेटलेलं, कापूर पेटलेला, आणि त्याच्या छातीवर रेटलं. "धर! धर म्हणते ना!" त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मी आणखी रेटलं. तुपाचा कढत थेंब माझ्या मनगटावर पडला, हात झटकला गेला आणि ताट सुटलं. निरांजन विझलं, कुंकू फरशीवर सांडलं, मोदक घरंगळत चौरंगापर्यंत गेले. ढोल थांबले.

"फेंक दी! थाली फेंक दी इसने!"

पहिली थप्पड ज्याने मारली, त्याच्या घरी दर दिवाळीला माझ्या चकल्या जातात. दुसरी कुणाची ते दिसलं नाही, कारण तोवर दहा-बारा जण त्याच्यावर तुटून पडले होते. लाल प्लास्टिकची खुर्ची त्याच्या खांद्यावर आपटली, खुर्चीचा पाय मोडला, मग मोडक्या खुर्चीने मारलं. एकाने केस धरून त्याचं तोंड सांडलेल्या कुंकवात घासलं. "नाक रगड! बोल जयकारा!" तो जयकारा बोलला नाही. "चश्मा, मेरा चश्मा" एवढंच म्हणत फरशी चाचपत होता, आणि त्या चाचपणाऱ्या बोटांवर कुणीतरी बूट ठेवला. ढोल वाजवणाऱ्या एकाने हातातली काठी त्याच्या डाव्या कानावर हाणली. एकदा, मग पुन्हा त्याच जागी. कानातून रक्त आलं, ते कुंकवात मिसळलं आणि कुठलं काय ते कळेना. लोक मोबाईल वर धरून उभे होते.

मी? मी किंचाळले, शर्ट ओढले, एकाच्या मनगटाला कडकडून चावले. "सोडा रे, सोडा, मरेल तो!" सगळं ओरडले. एकच वाक्य तोंडातून निघालं नाही. ताट माझ्या हातून पडलं. चार शब्द. ते म्हटलं तर हे सगळे माझ्याकडे वळतील, असं वाटलं. घाबरले मी. लहानपणी याच भावाला चपलेने बडवणारी मी, घाबरले.

डाव्या कानाचा पडदा फाटला होता, उजव्यालाही मार होता, खांद्याचं हाड मोडलं होतं. वर अध्यक्षांनी ठाण्यात तक्रार दिली, की याने आरतीचं ताट फेकून सगळ्यांच्या भावना दुखावल्या. शाळेने निरोप धाडला, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. पोलीस दवाखान्यात जबाब घ्यायला आले तेव्हा मी खाटेशीच होते. आता बोलते, आता बोलते म्हणत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "थाली मेरे हाथ से गिरी. जानबूझकर नहीं."

पोलीस गेले आणि मी भडकले. "खोटारड्या! पाच मिनिटं ताट धरायचं तर तुला नाटक वाटलं, आणि हे?"

"इकडून बोल, ताई. त्या बाजूने ऐकूच येत नाही." मी उजवीकडे गेले. मग हळूच म्हणाला, "तुला तिथेच राहायचंय. तुझं घर आहे ते."

त्याच्या छातीवर बुक्के मारावेत असं वाटलं. हाड मोडलं होतं म्हणून खाटेच्या कठड्यावर मारले आणि ढसाढसा रडले.

नवव्या दिवशी आरतीला गेले. जाताना बांगड्या काढून ठेवल्या, मंगळसूत्र काढलं, चष्माही घरीच ठेवला, पदर घट्ट खोचला. मार खायचीच तयारी होती. आरती संपताच माइक ओढून घेतला.

"थाली मेरे हाथ से गिरी थी. भाई ने छुई तक नहीं. गिराई मैंने."

मी डोळे मिटून उभी राहिले. मग खांद्यावर कुणाचा तरी हात आला. अध्यक्ष होते.

"अरे भाभीजी, इतना दिल पर मत लीजिए. आपसे तो गलती से गिरी. बाप्पा सब समझते हैं."

एका बाईने पाणी आणलं. ज्याने कानावर काठी मारली होती, त्याने खुर्ची पुढे सरकवली. "दीदी, बैठिए."

"बैठिए?" मी किंचाळले. "मारो ना! थाली वही है, फरशी वही है! मुझे क्यों नहीं मारते?"

"सदमा लगा है बेचारी को," कुणीतरी म्हणालं, आणि माझ्या हातात मोदक ठेवला.

म्हणजे ताटाचं काही नव्हतंच! मी मानते म्हणून माझी चूक, तो मानत नाही म्हणून त्याचा गुन्हा. अरे, देव तिथे चार हातांवर बसला होता, त्याने एक बोट उचललं नाही. तुम्ही कोण लागून गेलात?

तो मोदक तसाच मुठीत धरून मी ठाण्यात गेले आणि जबाब लिहून दिला. तक्रार बारगळली, शाळेने त्याला परत घेतलं. कान कुणी फोडला, ते मात्र शेवटपर्यंत कुणाला आठवलं नाही. मोबाईलमध्ये सगळं असूनही.

मी अजून रोज पूजा करते. भांडण माझं देवाशी नाही. भाऊ अजून रविवारी येतो आणि पेपर घेऊन पायरीवर बसतो. पण आत घंटी वाजली काय आणि थांबली काय, त्याला कळत नाही. थांबली तरी तो पान उलटत बसलेला असतो. मग मीच बाहेर जाते, त्याच्या उजव्या कानाशी वाकते आणि मोठ्याने सांगते, "झालं रे माझं. ये आत."