आप्पारावांच्या मागची दरी

पाटोद्यात लग्नाचा मुहूर्त जवळ आला, की नवरदेवाच्या आधी वैजिनाथला शोधतात. अक्षता पडतानाचा फोटो हुकला तर शिव्या त्यालाच. बसस्टँडसमोरचा फोटो स्टुडिओ वडिलांनी टाकलेला. दहावी होताच तो वैजिनाथच्या गळ्यात पडला आणि अजून तिथंच आहे. आधी पासपोर्ट फोटो, मग लग्नं, आणि आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. मधोमध साहेब हात जोडून, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. एकाचा चेहरा शेजारच्यापेक्षा बोटभर लहान झाला, की दुकानात येऊन भांडण! असल्या माणसाला माणसांच्या तोंडांचा वीट येणार नाही, तर दुसरं काय होणार?

म्हणून सवड मिळाली की तो बालाघाटाच्या दऱ्या पायी तुडवायचा आणि फोटो काढायचा. कातळ, पाणी, झाडं. चौकटीत माणूस मात्र अजिबात नको. बायको गंगासागर डबा घेऊन बरोबर चालायची. कधीमधी म्हणायची, "माझा बी काढा की एखांदा."

"बाजूला हो, फ्रेममधी येतीस," हा म्हणायचा. बिचारी बाजूला व्हायची. लग्न झाल्यापासून बाजूलाच होत आली होती.

त्याचा सगळ्यात जास्त जीव गुंतला होता भूतनाथाच्या दरीत. श्रावण सरताना तिथं उतरतं ऊन थेट धबधब्याच्या धारेवर येतं, तेही घटकाभरच. कधी ढग आडवे यायचे, कधी ऐन वेळी लग्न. तो एक फोटो मोठा करून दुकानात लावायचा, एवढ्या तोंडांच्या गर्दीत तेवढाच आपला, ही त्याची फार दिवसांची इच्छा.

यंदा ऊन आलं, पण वर भूतनाथाच्या देवळाजवळ दोन झाडांना पुढारी आप्पारावांचा बॅनर ताणलेला. वाढदिवसाचा. छापलेला अर्थात वैजिनाथनंच. कुठंही उभं राहा, आप्पारावांचा एखादा कान तरी फोटोत यायचाच. खाली राखणीला त्यांचा कार्यकर्ता अंगद बसला होता.

"घटकाभर उतरवू का रे?" वैजिनाथनं विचारलं.

"येड लागलं का शेठ? साहेबाच्या वाढदिवसाला साहेबाचा बॅनर उतरवायचा? माझं तंगडं मोडतेल लोक."

खरंच मोडलं असतं. आपल्याकडं देवळाचा कळस एकवेळ वाकडा चालतो, पुढाऱ्याचा बॅनर नाही. मग हा शहाणा कड्यावरून दीड-दोन पुरुष खाली, एका कपारीत उतरला. तिथून बॅनर दिसत नव्हता. धार सोन्यासारखी पेटली होती. त्यानं फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि एकटाच हसला. असा फोटो त्याच्या हातून कधी निघाला नव्हता.

परत चढायला त्यानं पाय ठेवला, तो दगडच निसटला. खाली डोहात पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. आता वर हात पुरेना, पाय टेकवायला जागा नाही, सगळीकडं शेवाळ. फोनला रेंज नाही. त्यात दरीच्या माथ्यावर आभाळ भरून आलं आणि पांढरी धार बघता बघता गढूळ झाली. वैजिनाथ भ्याला. कॅमेरा पोटाशी धरून तो जीव खाऊन ओरडला.

डबा घेऊन देवळापाशी बसलेली गंगासागर धावत आली आणि कड्यावरून डोकावली. तिच्या मागून अंगद. "काकू, गावातून दोर आणतो, तासाभरात येतो."

"तवर पाणी थांबंल का?" असं म्हणून तिनं बॅनरकडं पाहिलं.

"काकू, त्याला हात लावू नका. साहेब—"

"साहेब ऱ्हातेत वरी. माझा माणूस खाली हाय."

तिनं सुतळ्या दातांनी तोडल्या, बॅनरला पीळ भरला, एक टोक जवळच्या उंबराला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं. आप्पारावांचे जोडलेले हात वैजिनाथच्या नाकासमोर येऊन लोंबकळू लागले. बॅनरच्या काठात दोरी त्यानंच भरली होती, म्हणून त्याला भरवसा वाटला. त्यानं साहेबांच्या गालाला मिठी मारली. वरून गंगासागरनं ओढलं, मग अंगदनंही निमूट हात लावला. वर आल्यावर तिनं आधी त्याच्या अंगावरचं शेवाळ झटकलं आणि मग ती रडली. तिच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी खुद्द आप्पाराव दुकानात आले. वैजिनाथ खुर्चीवरून धडपडत उठला. पण ते खदाखदा हसले.

"वैजिनाथराव, आमच्या बॅनरनं तुमचा जीव वाचिवला, अन् तुमी घाबरता कावून? नवा बॅनर करा. मधी मी, बाजूला तुमी हात जोडून. मागं ती दरी टाका. अंगद म्हणला, फोटो लई भारी आलाय."

ज्याच्या तोंडाला लटकून वर आला, त्याला नाही कसं म्हणणार? वैजिनाथ संगणकापुढं बसला. दरी मागं टाकली, आप्पाराव पुढं ठेवले. त्यांचं डोकं नेमकं धारेवर आलं. कडेला त्यानं स्वतःला उभं केलं, हात जोडून.

गंगासागर हाताला फडकं बांधून चहा घेऊन आली. वाकून पडद्याकडं बघितलं.

"अन् मी कुठं हाय?"

त्यानं लगबगीनं शोधायला घेतलं. लग्नं, बारशी, निवडणुका. अख्ख्या तालुक्याची तोंडं संगणकात होती. गंगासागर नव्हती. वैजिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कॅमेरा घेऊन उठला.

"बस त्या स्टुलावर. आत्ता काढतो."

"आता कावून? साहेबाच्या मागं आख्खी दरी मावंना, तिथं मी कुठं मावू?" ती म्हणाली. "चहा गार व्हायलाय."

ती आत गेली. वैजिनाथनं आप्पारावांचा चेहरा जरा लहान करून पाहिला, मग बॅनर न्यायला आलेल्या अंगदनं बाहेर मोटारसायकलवरून हाक मारली तेव्हा पुन्हा होता तेवढा केला.