तीस माणसं, एकच उत्तर

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी लाजून सांगत नाही, आणि कोणी विचारायची वाटही बघत नाही. बाबा मेंढरं राखतात आणि तीन एकर कोरडवाहूत सोयाबीन अन् तूर घेतात. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज एसटीनं हिंगोलीला जाऊन मी बी.ए. झाले आणि मग एम.ए.ला बसले. दुसऱ्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आधीच बाबांनी सगळ्या पाहुण्यांत सांगून टाकलं होतं की पोरगी एम्मे झाली. त्यामुळं नापास व्हायची सोय मला उरली नव्हती.

दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प असतो. वर्गातल्या पोरापोरींनी बचतगट, शेततळं असे हाताशी असलेले विषय घेतले. मी घेतला राष्ट्रकल्पना. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे वेगवेगळे समाज राष्ट्र म्हणजे काय समजतात, असा. विषय भारी वाटला म्हणून घेतला, खोटं काहून सांगू? पण जागा बरोबर होती. ही नदी एका काळी दोन मुलखांची हद्द होती. पलीकडं वऱ्हाड, इंग्रजांचं. अलीकडं आम्ही, निजामाचे. पलीकडं स्वातंत्र्य ऑगस्टात आलं. आमच्याकडं यायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. म्हणून आमच्याकडं सतरा सप्टेंबरलाही झेंडा चढतो, आणि नदीपलीकडची जुनी माणसं आम्हाला अजून ‘मोगलाईतले’ म्हणतात.

तीस माणसांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. मी प्रश्नावली छापून घेतली. पहिला प्रश्न : ‘आपल्या मते राष्ट्र म्हणजे काय?’ महिनाभर हिंडले, तीस फॉर्म भरले आणि आमच्या मार्गदर्शक सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

सर शांतपणे वाचत गेले. मग म्हणाले, “या सेनगावच्या शिंप्याचं शिक्षण किती?”

“चौथी.”

“आणि या तांड्यावरच्या आजी?”

“त्या शाळेत गेल्या नाहीत, सर.”

“हे मंदिरातले पुजारी?”

“मॅट्रिक.”

“हे तिघंही म्हणतात, राष्ट्र ही समान वारशातून निर्माण होणारी एकात्मतेची भावना होय. शब्दाला शब्द. या तिघांनी मिळून कुणाकडं शिकवणी लावली होती का?”

मी त्या तिन्ही फॉर्मवरचं माझंच अक्षर बघितलं.

“शिकवणीवाल्या बाई माझ्या ओळखीच्या असाव्यात,” सर म्हणाले. फॉर्म त्यांनी माझ्याकडं सरकवले. “आठ दिवस देतो. माणसं बोलली तशी आणा, फोनवर रेकॉर्ड करून. नाहीतर मी हा प्रकल्प पुढं पाठवणार नाही.” पुढं पाठवणार नाही म्हणजे वर्ष गेलं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आता कबूल करते. माणसं बोलली होती, आणि चांगली तास तास बोलली होती. तांड्यावरच्या आजी म्हणाल्या होत्या, माझ्या तीन सुना तीन राज्यांतल्या, एक इथली, एक तेलंगणातली, एक कर्नाटकातली, आणि तिघी सारख्याच आळशी. ते मी ‘विविधतेतील एकता’ असं लिहिलं. शिंपी मशीन न थांबवता म्हणाला होता, “बाई, चौदा अगस्टकू सबकू देस याद आता. तेरातक कोई पांढरा शर्ट शिलाने आता नै.” त्याचं मी ‘राष्ट्रीय सणांविषयी नागरिकांत उत्साह आढळतो’ केलं. बाबांनी सांगितलं होतं की मेंढरं घेऊन नदी उतरली की लोक त्यांना मोगलाईचे म्हणतात आणि परत आलं की आपलेच लोक म्हणतात, आले का वऱ्हाडातून. मग तुम्ही कुठले, असं मी विचारलं, तर म्हणाले, “ते मेंढरांला विचार, मी त्यांच्या मागं असतो.” बाबांच्या नावापुढं फॉर्मवर आहे : ‘मेंढपाळ समाज हा राष्ट्रीय एकात्मतेचा दुवा आहे.’

मी खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं. मी फक्त इस्त्री केली होती. बाहेरगावचे परीक्षक हे वाचणार, आणि मनात म्हणणार, काय ही माणसं. त्या माणसांतून निघालेली पहिली शिकलेली मी. माझ्या माणसांनी चारचौघांत नीट दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं. आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली मीही नीट दिसावी, हेही होतं. पण ते सरांना मी सांगितलं नाही.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी दावं वळता वळता ऐकलं.

“म्हंजी लोक नीट बोलले न्हाईत, म्हणून तुला अडवलं.”

“न्हाई बाबा. लोक बोलले ते मी नीट केलं, म्हणून अडवलं.”

“तेच तर म्हणून राहिलो मी.”

मला वाटलं, विषय संपला. बाबांसाठी तो तिथं सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मोटरसायकल काढून कुठंतरी गेले. मी अकराच्या एसटीनं सेनगावला उतरून शिंप्याच्या दुकानात गेले तर तो माणूस मला बघून मशीनवरून उठला, टोपी नीट केली आणि सावधानमध्ये उभा राहिला. मी फोन सुरू केला. त्यानं शाळेतली प्रतिज्ञा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.

“चाचा, हे काय?”

“तुमारे वालिद आए थे सुबू. बोले, पोरीचा साल जारा, अच्छा बोलो.”

“आणि ते चौदा ऑगस्टचं?”

“वो मजाक था, बाई. इम्तिहान में मजाक नै करते.”

तांड्यावर गेले तर आजी नातीला शेजारी घेऊनच बसल्या होत्या. नातीनं सकाळपासून घोकून घेतलं होतं. आजींनी डोळे मिटून ‘समान वारसा’ म्हटलं, ‘एकात्मता’ म्हटलं, आणि मग डोळे उघडून विचारलं, “बराबर आलं का, माय?”

“आजी, सुनांचं काय मग?”

“सुना लई चांगल्या हायेत. तुझ्या बापानं सांगितलं, सुनांचं काढू नका, पोरगी नापास होती.”

आतून एका सुनेच्या हसण्याचा आवाज आला. ती कुठल्या राज्यातली, ते मला ओळखता आलं नाही.

पाच दिवस हेच. बाबा माझ्या एक फटफटी पुढं. जिथं जाईन तिथं माणसं धुतलेले कपडे घालून बसलेली. हिंगोलीच्या पुजारीकाकांना तर निमित्तच हवं होतं. ते पाऊण तास बोलले आणि शेवटी त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून मी सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. मी जे लबाडीनं लिहिलं होतं, ते आता माणसं आपल्या तोंडानं, राजीखुशीनं म्हणत होती. पुरावा होता, आवाज होता, सरांना तक्रारीला जागा नव्हती. हे असंच नेऊन दिलं तर मी पास. दोन दिवस माझं मन तिकडंच ओढत होतं, हेही लिहून ठेवते.

तिसावं माणूस तेवढं राहिलं होतं. माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, नदीपलीकडं रिसोडच्या बाजूला दिलेली. सातव्या दिवशी बाबाच मला मोटरसायकलवर घेऊन गेले. आत्याच्या अंगणात शिरता शिरताच त्यांनी सुरू केलं.

“आक्का, देशावर दोन चांगले शब्द बोल. पोरीचं वर्ष वाया चाललंय.”

“काहून? देशानं काय केलं तिचं?”

“देशानं न्हाई, मास्तरनं.”

“मंग मास्तरवर बोलते.” आत्यानं मला जवळ ओढून पाठीवर हात फिरवला आणि घरात हाक मारली. “ए मोगलाईवाले, चहा टाक वं. तुह्या मुलखातले पाव्हणे आले.”

आत्याची सून आमच्याच बाजूची, हिंगोलीजवळची. मी फोन सुरू करून पोत्यांच्या थप्पीवर ठेवला होता, प्रश्नावली उघडत होते, पण बाबांनी ते ऐकलं आणि माझा प्रश्न राहूनच गेला.

“आक्का, तू सोता कुठली? माझ्याच बापाच्या घरी जन्मलीस ना?”

“जन्मली असंन. आता मी वऱ्हाडातली.”

“तुझी सासू तुला मरेपर्यंत मोगलाईची म्हणून हाक मारायची. माहेरी येऊन रडायचीस. ध्यानात हाय का?”

“तिले अधिकार व्हता. आता मले हाय.”

“मंग तू वऱ्हाडातली झालीस कधी?”

आत्यानं खरंच विचार केला. “सासू गेली तवा,” ती म्हणाली. “मोगलाईची म्हणायले घरात कोणी उरलं नाही ना.”

सून चहा घेऊन आली होती. कप देता देता म्हणाली, “मामा, मला किती वर्षं लागतील?”

“ते आक्काच्या हातात हाय.”

“घाई करू नको, माय,” आत्या म्हणाली. “मोगलाईतच बरी हायस तू.”

बाबांना हसू येत होतं, पण हरायचंही नव्हतं. म्हणाले, “तुमी कितीबी बोला. आमच्याकडं स्वातंत्र्याचा झेंडा वर्षाला दोनदा चढतो. तुमच्याकडं एकदाच.”

“आमाले एकदा देल्लं, तेवढ्यात समजलं,” आत्या बशीत चहा ओतत म्हणाली. “तुमाले दुसऱ्यांदा द्यावं लागलं.”

सुनेनं पदर तोंडाला लावला. बाबांनी चहा एका दमात संपवला. मग म्हणाले, “आमी तकलीफ काढून घेतलं. रझाकारांची लूट चालली व्हती तवा आपल्या आज्यानं कळप नदीपार आणून दडवला व्हता, ते सांग की पोरीला.”

“कोणाकडं दडवला व्हता? ते तूच सांग.”

बाबांनी रिकामा कप उचलून पुन्हा तोंडाला लावला.

“ह्याच घरी,” आत्या माझ्याकडं वळून म्हणाली. “माह्या आजेसासऱ्यानं ठेवून घेतला. बारा महिने राखला. मंग येणंजाणं पडलं, अन् त्याच वळखीनं मले इथं देल्लं. अन् एवढं करून म्हातारी मले म्हणे मोगलाईची.”

ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनी कधी सांगितली नव्हती, कारण मी कधी तशी विचारली नव्हती. माझ्या छापील प्रश्नावलीत राष्ट्र होतं, अस्मिता होती, वारसा होता. कळप नदीपार कुणाच्या वाड्यात ठेवला, याला रकाना नव्हता. दोघं बहीणभाऊ तासभर भांडले. मेंढरं किती होती यावर भांडले, आजा भित्रा होता की हुशार यावर भांडले. जाताना आत्याच्या लक्षात आलं.

“अगं, देशाचं बोलायचं राह्यलं. विचार आता.”

“झालं, आत्या.”

“कधी झालं?” बाबांनी विचारलं. मी फोन उचलून दाखवला. बाबांचा चेहरा उतरला.

त्या रात्री जागून मी प्रकरण पहिल्यापासून लिहून काढलं. माणसं आधी काय बोलली, जेवढं आठवलं तेवढं लिहिलं. त्याचं मी काय केलं, ते लिहिलं. दुसऱ्यांदा गेल्यावर माझ्या प्रेमापोटी ती काय बोलली, तेही. आणि शेवटी, कुणी काही विचारलं नव्हतं तेव्हा आत्याच्या ओसरीत काय झालं, ते जसंच्या तसं. सरांनी वाचलं. म्हणाले, “उत्तरं बदलली असं तुम्ही स्वतःच लिहून दिलंय. हे अंगावर येऊ शकतं.”

“येऊ द्या, सर.”

“पुढं पाठवतो,” ते म्हणाले. “पण जोखीम तुमची.”

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. “का बदललीत उत्तरं?”

मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. म्हटलं, “मॅडम, तुम्ही वाचणार म्हणून.”

त्यांनी सरांकडं बघितलं, सरांनी खिडकीकडं. मग बाईंनी मला एवढंच विचारलं की माणूस कोणत्या मुलखाचं, हे ठरवायचा अधिकार तुमच्या अभ्यासात कुणाकडं दिसतो? मी म्हटलं, आमच्या घरात तरी सासूकडं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं, आणि मी पहिल्यांदाच माझ्या विषयाबद्दल मला माहीत असलेलं काहीतरी बोलत होते. बाहेर आले तेव्हा सर मागून येऊन म्हणाले, पास आहात. प्रश्नावलीच्या गोंधळाचे गुण कापले गेले होते, ते कापायलाच हवे होते.

कॉलेजच्या पायरीवरूनच बाबांना फोन लावला.

“झालं का पास?”

“झाले.”

“मी म्हणलो व्हतो. लोक नीट बोलले की व्हते सगळं.”

“बाबा, ते नीट बोललेलं त्यांनी फार धरलं नाही. तुमचं अन् आत्याचं भांडण धरलं.”

पलीकडून मेंढरांचा आवाज येत राहिला. “ते लिहिलंस तू?”

“व्हय. सगळं.”

“अन् तिनं ते म्हणलेलं? आमाला दुसऱ्यांदा द्यावं लागलं, ते?”

“ते तर मॅडमनी दोनदा वाचलं.”

बाबांनी फोन ठेवला. मी एसटीत चढून बसले, तिकीट काढलं, तेवढ्यात परत त्यांचा फोन.

“ऐक ना. त्याच्या खाली माझं उत्तर घालता येतं का? मी आत्ता काढलंय. बराबर हाय.”

“आता बाइंडिंग झालंय, बाबा.”

“मंग आक्काला फोन करून सांगू का?”

“सांगा.”

“न्हाई,” ते म्हणाले. “तिकडं जाऊनच सांगतो. कळप उद्याच घेऊन निघतो.”