हरळी

बायकोला बांधाकडेला पुरलं. आमच्यात जाळत नाहीत. महिन्याभरात त्या मातीवर हरळी आली. मला राग आला. खुरप्यानं तिचे तुकडे केले आणि तिथंच टाकले. जन्मभर शेती करून ही चूक केली. हरळीचं पेरन् पेर मूळ धरतं. आता सगळं हिरवंगार झालंय. माणूस गेलं की आपण रडत बसतो, गवत कामाला लागतं.

सून म्हणाली, "मामा, असू द्या की. दूर्वाच आहेत, आत्या गणपतीला न्यायच्या."

"देवाजवळ दूर्वा. रानात हरळीच."

शेजारची जागा मी माझ्यासाठी मोकळी ठेवलीय. बायकोची जागा मला आता पावलं मोजून शोधावी लागते. माझी मात्र हरळीला बरोबर सापडली. काल तिचा एक तांबूस धुमारा तिथवर आला होता.