एकोणीस बोडखी झाडं

रोहण्याच्या शिवारात रुख्माबाईच्या निंदणाला तोड नाही, हे तिच्याशी भांडलेल्या बायासुद्धा कबूल करतात. तिच्या हाताखालून ओळ गेली की काडीएवढं तण शोधून दाखवा. पण हात असा तयार झाला की माणूस हाताच्या भरवशावर डोकं घरी ठेवून निघतं, आणि बाईंचं नेमकं तेच झालं.

तीन वर्षांपासून ती गावाबाहेरच्या फुलांच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला आहे. तिथं दामिनी नावाची पोरगी, मूळची बोरगाव मेघेची, शेतकी शिकलेली, झेंडूचं संकरित बी करायच्या खटपटीत असते. झेंडूचं एक फूल म्हणजे शंभर-दोनशे बारीक फुलांचा गठ्ठा. संकर करायचा तर त्यातला पराग आधी काढून टाकायला हवा, आणि तो चिमट्यानं काढत बसलं तर एका फुलातच दिवस मावळायचा. म्हणून दामिनीला अशी झाडं हवी होती ज्यांच्या कळीत पराग घडतच नाही. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून तिनं ती जमवली. एका जाळीखाली बेचाळीस रोपं, त्यातली निम्मी तशी निघणार असा तिचा हिशेब. राहिलेलं बी उंदरांनी खाल्लं होतं, त्यामुळं जे काही होतं ते या बेचाळिसांतच. जाळीतलं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

आणि ऐन फुलं उमलायच्या हप्त्यात तिच्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं. जाताना ती म्हणाली, "मावशी, चार दिवस जाळीतलंही तुम्हीच पाहा. निंदून घ्या, रोगट काही दिसलं तर वाढू देऊ नका."

रुख्माबाईला एवढा मान मिळाल्यावर काय विचारता. दुसऱ्या दिवशी जाळीत शिरली तर काय, अर्धी झाडं फुललेली, गोंड्यासारखी पिवळीधमक, आणि अर्ध्यांना पाकळ्याच नाहीत. नुसते हिरवट दोरे. बोडखी. तिनं कपाळाला हात लावला. तुरीवरचा वांझ रोग तिनं लहानपणापासून पाहिलेला. झाड हिरवंगार, पण फूल नाही, शेंग नाही. असं झाड दिसलं की उपटायचं आणि जाळायचं, नाहीतर सगळं शेत जातं. हे तिला तिच्या बापानं शिकवलेलं. तिनं एकोणीस झाडं मुळासकट उपटली, बांधावर नेऊन पेटवली, आणि हात झटकत घरी आली. त्या रात्री तिला फार गाढ झोप लागली.

दामिनी परत आली, जाळीत गेली आणि तिथंच खाली बसली.

"मावशी, इथली झाडं?"

"म्या उपटले. वांझ रोग होता जी. जाळून बी टाकले," रुख्माबाई कौतुकाच्या आशेनं म्हणाली.

दामिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. पण हळू आवाजात तिनं सांगितलं की या जातीत ज्या झाडात पराग नसतो त्याला पाकळ्याही येत नाहीत, तिला तीच झाडं हवी होती, दोन वर्षांचं काम त्यांच्यातच होतं. कुणी शिवी दिली तर उलट दोन देणारी रुख्माबाई, पण त्या दिवशी हातातल्या विळ्यासकट तशीच घरी गेली. करायला गेली भलं आणि झालं वाटोळं, तेही स्वतःच्या नावाजलेल्या हातानं.

दुसऱ्या दिवशी ती विळा परत द्यायलाच आली. "मॅडम, मले काढून टाका. म्या कापूस वेचाले जातो."

दामिनी उरलेल्या तेवीस झाडांसमोर उभी होती, आणि कालच्यापेक्षा तिचा चेहरा बराच ताजा होता. "कुठं जाता? बसा. ही झाडं कुणाची लेकरं आहेत? यांची आई बोडखीच होती ना? मग त्या आईचा गुण यांच्या पोटात आहे. एक जनुक आईचं, एक बापाचं. बापाचं जोरकस, म्हणून यांच्यात पराग घडला, पाकळ्या आल्या. आईचं दबून बसलंय, मेलेलं नाही."

रुख्माबाईला पटेना. "दिसत तर नाई."

"तुमच्या लेकीचे, अंजूचे डोळे घारे आहेत. तुमचे काळे, तानबाभाऊंचे काळे. मग ते आले कुठून?"

हे दामिनी सहज बोलून गेली, पण तिला काय ठाऊक. बावीस वर्षांपूर्वी अंजूनं डोळे उघडले तेव्हा सासूनं, आनंदाबाईनं, पाळण्याशी उभं राहून विचारलं होतं, "आमच्या घरात असे डोळे कोनाचेच नाई. काऊन आले हे?" एकदाच विचारलं. तानबानं आईला गप्प केलं, बायकोवर कधी शक घेतला नाही. पण ते वाक्य रुख्माबाईच्या काळजात काट्यासारखं राहिलं, आणि अंजू लग्न होऊन कारंज्याला गेली तरी निघालं नाही.

"डोळ्यांचं गणित फुलांपेक्षा किचकट असतं," दामिनी सांगत होती, "पण तऱ्हा साधारण हीच. दबलेला गुण दोन्हीकडून आला की वर येतो. या तेविसांचा पराग आपण यांनाच लावू. होणाऱ्या चार लेकरांमागं सरासरी एक बोडखं निघायला हवं."

रुख्माबाईनं विळा ठेवला आणि कुंचला उचलला. एका फुलाचा पराग दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, असा तिनं जीव लावून फिरवला. बी पिकलं, पेरलं, साठ रोपं लागली. पुढचे दोन महिने तिला अन्न गोड लागलं नाही. फेब्रुवारीत कळ्या फुटू लागल्या. पहिलं फूल भरगच्च, दुसरंही. अकरा झाडं ओळीनं फुलली आणि एकूण एक पाकळ्यांनी भरलेली. झेंडूला असं फुललेलं पाहून रडणारी बाई साऱ्या आर्वी तालुक्यात ती एकटीच असेल.

बारावं झाड सकाळी उमललं. दोरे. नुसते हिरवट दोरे.

तिनं बोट लावून पाहिलं, पिवळी भुकटी लागली नाही. मग ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. आठ दिवसांत सगळी उमलली. साठात सोळा बोडखी. दामिनीनं तिला कडकडून मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, आता यांना हात लावाल तर पाहा." रुख्माबाईचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी आली तर आनंदाबाई ओट्यावर लसूण सोलत होती. ऐंशीची म्हातारी, कानानं कमी, तोंडानं शाबूत. रुख्माबाई शेजारी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बोलली.

"आत्याबाई, अंजूचे डोळे एकट्या माह्याकडून येतच नाई. तुमच्या लेकाच्या अंगात बी ते लपून होते. मॅडमनं झाडावर दाखवून देलं मले."

म्हातारीचा हात थांबला. हातातली पाकळी तिनं मांडीवरच्या सुपात टाकली.

"माह्या मायचे डोळे घारे होते," ती म्हणाली. "मी दोन सालाची असतानी मेली. म्या पाह्यलेच नाई. अंजू झाल्यावर माह्या मोठ्या भावानं सांगतलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं? बावीस वर्सं?"

"सांगून तुह्यापुढं मान खाली घालाव लागली असती," आनंदाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते लसणाचं नव्हतं. "घातली आता."

रुख्माबाईला भांडायचं होतं, बावीस वर्षांची तयारी होती. पण आतून इतकं हलकं वाटत होतं की भांडणाला हाताशी काही सापडेना. तिनं म्हातारीच्या मांडीवरचं सूप आपल्याकडं ओढलं आणि उरलेला लसूण सोलायला घेतला.