हळदीची वायर उजवीकडे

तुमच्या आजोबांचे कान हळूहळू गेले. आधी त्यांना पेटी ऐकू येईना, मग गाणाऱ्याचे शब्द. शेवटी सटाण्याला माझ्या माहेरी जाताना त्यांनी स्वतःच गाडीतली टेप बंद केली आणि घरी आल्यावर भजनांच्या कॅसेटी कपाटात ठेवून दिल्या. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं.

तुमच्या बाबाला ते बघवेना. त्याने एक अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठा वूफर आणून व्हॅनमध्ये पुढच्या सीटमागे बसवला. कानांना नाही तर नाही, डग्ग्याचा ठोका पाठीला तरी लागेल, अशी त्याची आशा. पण आजोबा बसले आणि म्हणाले, "लाव की!" टेप केव्हाची चालू होती.

मग त्याने माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं. "आई, तू इंग्रजीची बी.ए. आत्ता वूफर अ‍ॅम्प्लिफायरच्या एकाच बाजूवर चालतोय. दोन्ही बाजूंची ताकद त्याला द्यायची, त्याला ब्रिज म्हणतात. ते पान वाच."

वाचलं. शब्द सगळे कळले, वाक्य काही कळेना. अ‍ॅम्प्लिफायरला स्क्रू चार: डावा प्लस, डावा मायनस, उजवा प्लस, उजवा मायनस. वूफरच्या वायरी दोनच, त्याही सारख्याच काळ्या. मी आधी बॅटरीची वायर काढायला लावली. मग घोटाळा नको म्हणून देवघरातून करंडा आणला आणि वूफरवरच्या खुणा बघून प्लसच्या वायरीला कुंकू, मायनसच्या वायरीला हळद लावली.

"आई, वायरिंग आहे. सत्यनारायण नाही."

"असू दे. कुंकू कुठे जाणार?"

"डाव्या प्लसला."

"म्हणजे हळद डाव्या मायनसला."

"नाही, उजव्या मायनसला."

"अरे, एका जोडातली डावी चप्पल आणि दुसऱ्या जोडातली उजवी? मग उरलेल्या दोघांनी काय करायचं?"

"काही नाही. मोकळं बसायचं."

पान पुन्हा वाचलं. त्यातही तसंच होतं. खाली आणखी लिहिलं होतं की वूफर चार ओहमपेक्षा कमी नको, कारण ओहम कमी झाले की भार वाढतो. म्हणजे इथे कमी ते जास्त! माझ्या स्वयंपाकघरात झाकणाशिवाय बरणी नसते; त्या मोकळ्या स्क्रूंवरून माझी नजर हटेना.

बॅटरी जोडली, कॅसेट लावली. काचा थरथरल्या. शेजारीण गॅलरीत आली. "काकू, वरात कुणाची?"

आजोबा पुढच्या सीटवर बसून नुसते समोर बघत होते. मीच चुकीचं वाचलं असणार, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांचं बोट मांडीवर हलायला लागलं. ते वळून ओरडले, "अगं, हा तबलजी अजून घाईच करतोय!"

कान शाबूत असतानाही ते त्याच भजनाला हेच म्हणायचे.

पुढच्या रविवारी आम्ही कॅसेटी घेऊन सटाण्याला निघालो. गाडी आजोबा चालवत होते आणि मागच्या सीटवर तुमचा बाबा मला पार सटाण्याअलीकडच्या देवळा गावापर्यंत समजावत होता, ते दोन स्क्रू मोकळे का ठेवायचे ते. त्या दणदणाटात मी नुसती हो हो म्हणत राहिले.